खेकड्याचं बीळ आणि माझं पिवळं पत्रक

आमच्या घरात पुस्तकांच्या आधी पत्रकं आली. बाबा मिठागर कामगारांच्या संघटनेचं काम करायचे. पेणमध्ये रामवाडीला आमच्या दोन खोल्या होत्या आणि त्यांत कायम पत्रकांचे गठ्ठे असायचे. त्या गठ्ठ्यांवर बसून मी जेवले, त्यांच्यावर वही ठेवून गणितं सोडवली. मला अक्षरं कळली ती ‘जाहीर’, ‘निषेध’ आणि ‘बंधुभगिनींनो’ या शब्दांतून. शाळेत गाईवर निबंध लिहायला सांगितला, तेव्हा मी शेवटी गाईच्या तीन मागण्या लिहिल्या. बाईंनी तो वर्गात वाचून दाखवला. सगळे हसले, आणि मला खरंच कळेना की यात हसण्यासारखं काय आहे.

त्यामुळे पुढे संगणकाची भीती वाटली तेव्हा मी दुसरं काय करणार? पत्रक काढलं.

मी रोह्यात एका संगणक वर्गात शिकवते. पेणहून एसटीनं जाते, संध्याकाळी परत येते. एका दुपारी वर्गातलं इंटरनेट वारंवार बंद पडत होतं म्हणून दुरुस्तीवाला आला होता. तारा तपासून झाल्यावर त्यानं पडद्यावर एक यादी उघडली आणि म्हणाला, “मॅडम, गंमत बघायची का?”

यादी खालून वर सरकत होती. काही सेकंदाला एक ओळ. प्रत्येक ओळीत वेळ, एक लांबलचक आकडा, त्या आकड्याचा देश आणि कुणीतरी वापरून बघितलेलं एखादं नाव. पुन्हा ओळ. पुन्हा दुसराच देश.

“हे काय आहे?”

“दार वाजवतायत,” तो म्हणाला. “तुमच्या ह्या डब्याचं.” त्यानं भिंतीवरच्या इंटरनेटच्या लहानशा पांढऱ्या डब्याकडे बोट केलं. त्याचे दिवे लुकलुकत होते, जसे रोजच लुकलुकतात.

खिडकीबाहेर रसवंतीच्या घुंगरांचा आवाज येत होता. पलीकडे कुंडलिका नदीचं पाणी उन्हात पडून होतं. आणि भिंतीवरच्या त्या डब्यावर, ज्यावर धूळ पुसायलाही कुणी हात लावत नाही, पृथ्वीच्या पाठीवरून, मी फक्त नकाशात पाहिलेल्या देशांतून थापा पडत होत्या. आता, या क्षणी. कालही पडत असणार. मी इथं पहिल्या दिवशी टेबल पुसत होते तेव्हाही पडत असणार. माझ्या अंगावर काटा आला. तो नुसता भीतीचा नव्हता. एवढं मोठं काहीतरी एवढ्या शांतपणे आपल्याला लागून चाललेलं असतं आणि आपण शेजारी बसून रस पितो, याचा तो काटा होता.

“त्यांना रोहा ठाऊक आहे?” मी विचारलं.

“त्यांना कायबी ठाऊक नाय. मशिनी हायत. जगातली सगळी दारं एकेक करून ढकलत जातात. तुमचं लागलेलं हाय ना? मग पुढच्याचं.” त्यानं यादी बंद केली. “चहा सांगा की, मॅडम.”

तो चहा पिऊन गेला. मी मात्र त्या थापा घेऊन घरी आले.

आठ दिवस मी दुसरं काही वाचलं नाही. खोटे फोन, खोटे दुवे, खोटी नोकरी, फोनमध्ये शिरून बसणारी ॲप, एकाच पासवर्डची दहा खाती. वाचताना राग येत गेला. धोक्याच्या सूचना सगळ्या इंग्रजीत आणि धोका मात्र मराठी वाचणाऱ्यांना. हा कुठला न्याय? मी एकटाकी पत्रक लिहिलं. मथळा होता, ‘तुमच्या खिशात चोर बसला आहे!’ खाली एकवीस कलमं, प्रत्येकाच्या शेवटी उद्गारचिन्ह. पिवळ्या कागदावर पाचशे प्रती काढल्या.

बाबांनी चष्मा लावून दोन्ही बाजू वाचल्या. “मागणी कुठाय?”

“मागणी नाहीये. सावध केलंय लोकांना.”

“आमची पत्रकं माणसांना घराबाहेर काढायला असायची,” ते म्हणाले आणि कागदाची नीट घडी करून परत दिली. “हे वाचून माणूस दार लावून बसेल.”

मला त्यांचा राग आला. म्हटलं, तुमचा काळ वेगळा, तुमचा शत्रू दिसायचा तरी.

पेणच्या स्टँडवर मी दोनशे वाटली, वडखळच्या नाक्यावर शंभरेक. तिथं पापड विकणाऱ्या एका बाईंनी गिऱ्हाईक थांबवून पत्रक पूर्ण वाचलं. मला फार बरं वाटलं.

“म्हणजे आता फोन ठेवू का टाकू?” त्यांनी विचारलं.

“टाकायचा नाही मावशी. जपून वापरायचा.”

“जपूनच वापरते की. पिशवीत घालून ठेवते,” त्या म्हणाल्या आणि प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला फोन दाखवला.

उरलेला गठ्ठा घेऊन मी आत्याकडे गेले.

आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. आमचं मूळ गाव खाडीकाठचं. तिला गावातल्या गावातच दिलेली. उभी हयात मिठागरात आणि खारजमिनीच्या भातशेतीत गेली. खाडी आणि शेतं यांच्यामध्ये मातीचा एक लांब बांध आहे. त्याच्या एका अंगाला तिवरांची झाडी आणि खारं पाणी, दुसऱ्या अंगाला भात. बांध आहे म्हणून शेत आहे. तो जिथं फुटतो त्या भगदाडाला आमच्याकडे खांड म्हणतात. खांड पडली की भरतीचं पाणी शेतात शिरतं आणि मग ती जमीन दोन-तीन पावसाळे भात देत नाही.

आत्याच्या शेतासमोर अशी एक खांड होती. गावातल्या चाळीस घरांची जमीन तिच्या तोंडाशी. बांधांचं काम बघणाऱ्या पेणच्या सरकारी कार्यालयाच्या कागदावर ती खांड याच वर्षीची होती. याच वर्षीची असेल तर गावानं चार पाट्या माती टाकून बुजवावी. पण दरवर्षी त्याच जागी फुटत असेल तर तिथला बांधच खचलेला, आणि मग अख्खा तुकडा सरकारनं नव्यानं बांधायला हवा. मागच्या बैठकीत तिथले साहेब म्हणाले होते, “जुनी असेल तर पुरावा आणा.” आणि पुरावा होता. आत्याच्या फोनमध्ये.

डोलवीच्या कंपनीत ठेक्यावर काम करणाऱ्या तिच्या मुलानं तिला तो फोन घेऊन दिला तेव्हापासून ती बांधाचे फोटो काढत होती. सांगितलं कुणी नव्हतं. पेणच्या बाजारातल्या एका फॉर्म भरून देणाऱ्या दुकानात तिचं मेलचं खातं उघडलेलं होतं आणि फोटो आपोआप त्या खात्यात जाऊन बसत होते. पुढच्या सोमवारी पेणच्या कार्यालयात ते दाखवायचे होते.

आत्यानं माझं पत्रक ओटीवर बसून, बोट फिरवत वाचलं. एकही कलम सोडलं नाही.

“म्हंजे माझे फोटू चोरतील काय गो?”

“चोरू शकतात. तुझा पासवर्ड काय आहे?”

तिनं सांगितला. गावाचं नाव आणि एक दोन तीन. शेजारच्या दोन बायांनीही आपापले सांगितले. त्यांचेही तेच होते, कारण दुकान तेच. मी कपाळाला हात लावला. मग तिथंच बसून आत्याला नवा, लांब पासवर्ड घालायला लावला. ती टाइप करताना मी भिंतीकडे तोंड करून बसले. दुसऱ्याचा पासवर्ड आपल्याला माहीत नसावा, मग ती सख्खी आत्या का असेना. हे माझं तत्त्व होतं आणि मला त्याचा अभिमान होता. तिनं तो कॅलेंडरच्या पानामागे लिहून घेतला. मी म्हटलं, पाठ झाला की कागद नष्ट कर, कलम चौदा.

“करते,” ती म्हणाली. आत्या शब्दाची पक्की.

त्यानंतरच्या शुक्रवारी मी रोह्याच्या वर्गात सुरक्षिततेवर शिकवत होते. कुणी आपल्या खात्यात शिरायचा प्रयत्न केला की सूचना कशी येते, हे मुलींना दाखवायचं होतं. उदाहरणाला मी आत्याचा मेल पत्ता घेतला आणि मुद्दाम तीन वेळा चुकीचा पासवर्ड घातला. “बघा,” मी म्हटलं, “आता त्या बाईंच्या फोनवर लगेच इशारा गेला असेल. ही व्यवस्था किती जागी आहे बघा.”

इशारा गेलाच. इंग्रजीत. आत्याला त्यातला एकच शब्द वाचता आला, तो म्हणजे रोहा.

शनिवारी संध्याकाळी तिचा फोन आला, मुलाच्या नंबरवरून.

“तुजा चोर आलता,” ती म्हणाली. आवाज अगदी शांत होता, जरा विजयाचाच. “रोह्याचा हाय. आयच्या माहेरचा. पण मी सगला केला तू लिवलाय तसा.”

“काय केलंस?”

“कलम अकरा.”

कलम अकरा मला पाठ होतं, कारण ते लिहिताना मला फार जोर चढला होता. ‘संशय येताच फोन पूर्ण कोरा करा! दया दाखवू नका!’ ती वडखळच्या नाक्यावर गेली होती आणि मोबाइलच्या दुकानात उभं राहून फोन कोरा करून घेतला होता.

“आणि पासवर्डचा कागद?”

“तो तं त्याच दिवशी चुलीत घातला. कलम चौदा.”

“पाठ आहे ना?”

“व्हता,” ती म्हणाली.

मी रविवारी सकाळी पहिल्या गाडीनं गावी गेले. गाडीत बसून एकच हिशोब करत होते. फोन कोरा. फोटो खात्यात आहेत, पण खात्याला कुलूप आणि किल्ली चुलीत. पासवर्ड विसरला असं कळवलं तर मोबाइलवर आकडे येतात, म्हणून रात्रीच तेही करून बघितलं होतं. खात्यात जो मोबाइल नंबर होता तो आत्याचा नव्हताच. दुकानवाल्यानं खातं उघडताना स्वतःचा नंबर घातला होता, आणि ते दुकान कधीचं बंद झालं होतं. लांब पासवर्ड घालायला लावणाऱ्या मला, खात्यावर नंबर कुणाचा आहे हे बघायचं सुचलं नव्हतं. इतकी वर्षं एक बंद दुकान माझ्या आत्याच्या खात्याचं राखणदार होतं, आणि माझ्या एकवीस कलमांत त्याचं कलम नव्हतं.

उरला होता एक गुप्त प्रश्न. जुन्या पद्धतीचं खातं म्हणून तो तरी होता. ‘तुमच्या आईचं माहेर कोणतं?’ उत्तर द्यायला तीन संधी. तिन्ही चुकल्या तर खातं आठ दिवस बंद. बैठक उद्या.

आत्या ओटीवर नव्हती. अमावास्येचं उधाण होतं, ती बांधावर गेली होती. मी लॅपटॉप पाठीला तसाच ठेवून चिखलातून तिच्या मागे गेले.

“आत्या, आधी घरी चल. उद्या दाखवायला काही नाहीये आपल्याकडे.”

“पानी चढतंय,” ती म्हणाली. “हे बघून जाऊ.”

ती वाकून चालत होती. पाण्याकडे नव्हे, बांधाच्या कुशीकडे बघत. मध्येच थांबली. मातीत खेकड्याचं बीळ होतं, रुपयाएवढं. तिनं पायातली चप्पल काढून बिळाशेजारी ठेवली, बघितली, पुन्हा घातली आणि टाचेनं चिखल दाबून बीळ बुजवलं. दहा पावलांवर दुसरं बीळ. पुन्हा चप्पल. हे बीळ चपलेच्या अर्ध्याला आलं. तिनं आतून मुठीनं माती भरली. तिसऱ्यापाशी ती उभी राहिली. ते चपलेहून मोठं होतं आणि आतून पाण्याचा बारीक आवाज येत होता. तिनं शेताकडे तोंड करून हाक दिली. दोन बाया आणि एक म्हातारे काका फावडं घेऊन आले. कुणी काही विचारलं नाही. हाक आली म्हणजे चपलेहून मोठं, हे त्यांना ठाऊक होतं.

काका माती ओढता ओढता माझ्याकडे बघून म्हणाले, “हीच काय गो ती चोरवाली?”

“हीच,” आत्या म्हणाली. “हिनंच माझा फोन धुतला.”

“मग साबन दे म्हनावं.”

सगळे हसले. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आत्यानं ते बघितलं असावं. काम झाल्यावर ती मला घेऊन बांधावर टेकली. समोर खाडी चढत होती. कसलाही आवाज न करता, तिवरांची मुळं एकेक करून गिळत. इतकं पाणी मी तिथं कधी लक्ष देऊन बघितलंच नव्हतं. मला त्या यादीतल्या ओळी आठवल्या, खालून वर सरकणाऱ्या. तेच होतं हे. ना राग, ना वैर. फक्त बांधाची प्रत्येक बोटभर जागा चाचपत जाणारं प्रचंड काहीतरी.

“तुला भीती नाही वाटत?” मी विचारलं.

“वाटते ना. उधानाला वाटते.” तिनं बोटांवर मोजलं. “पुनवेला चार दिस, आवसेला चार दिस. तेव्हा दिसाला दोनदा बांध बघाया येते. मधी भांग असतो, पानी उतरलेला असतो. तेव्हा निवांत झोपते.”

“रोज का येत नाहीस?”

“रोज बघितला तं डोला मरतो. मग बीळ समोर असला तरी दिसत नाय.” तिनं चप्पल झटकली. “तुज्या कागदात एकवीस बिलं हायत. वाचली मी. सगली सारखीच मोठी. तेच्यात माप कुठाय?”

आयुष्यभर मी जोर म्हणजे सत्य समजत आले होते. कुठली गोष्ट टाचेनं दाबायची आणि कुठल्या गोष्टीसाठी हाक मारायची, हे मी त्या तीनशे माणसांना सांगितलंच नव्हतं. कुणाच्या तरी खोट्या फोनवर विश्वास ठेवून आकडे सांगणं हे चपलेहून मोठं बीळ. अनोळखी जाहिरात दिसणं हे रुपयाएवढं. मी दोन्हींना एकच उद्गारचिन्ह दिलं होतं. आणि सगळ्यात मोठं बीळ, म्हणजे सगळं एकाच जागी ठेवून त्याची किल्ली एकाच कागदावर असणं, ते तर मी स्वतःच्या हातानं खणलं होतं.

घरी आल्यावर आत्या जवळ्याची सुकी मासळी निवडायला बसली. मी तिच्यासमोर लॅपटॉप उघडला.

तुमच्या आईचं माहेर कोणतं?

आत्याची आई म्हणजे माझी आजी. ती रोह्याकडची. आमच्या गावात सून तिच्या माहेरावरून ओळखली जाते, त्यामुळे आजीला नाव असूनही नव्हतं. ती रोहेकरीण. तिचं घर रोहेकरणीचं घर, तिची विहीर रोहेकरणीची विहीर. जगातल्या कुठल्या तरी शहाण्या माणसानं ठरवलं की आईचं माहेर हे फार गुप्त असतं. आमच्याकडे ते बांधावरून ओरडून सांगतात.

“हे तर अख्ख्या गावाला ठाऊक आहे,” मी म्हटलं.

“मग बरंच हाय. तुलाबी ठाव असेल.”

मी इंग्रजी अक्षरांत ‘रोहा’ घातलं. चूक.

स्पेलिंग वेगळं असेल म्हणून ‘रोहे’ घातलं. चूक.

आता एकच संधी. ‘रोहेकरीण’ घालावं का? आत्या खाली मान घालून जवळ्यातला कचरा काढत होती. तिच्या शेताचं, चाळीस घरांच्या शेताचं काय व्हायचं ते माझ्या एका बोटावर आलं होतं, आणि ती मला अजून एका शब्दानंही रागावली नव्हती.

मग मला तिचं बोलणं ऐकू आलं. म्हणजे ती त्या क्षणी काही बोलली नव्हती. पण दुकानात बसलेला तो माणूस भराभर विचारतोय, ही उत्तर देतेय आणि तो वर न बघता ती म्हणेल ते टाइप करतोय, असं डोळ्यांसमोर आलं.

“आत्या, त्या दुकानवाल्यानं विचारलं तेव्हा तू काय म्हणालीस? त्याला सांगितलंस ते शब्द, जसेच्या तसे.”

“काय सांगनार? आय रोह्याची.”

“आय म्हणालीस आधी? की नुसतं रोह्याची?”

तिनं हात थांबवला. खरोखर विचार केला. “आय कशाला बोलू? त्यानंच आयचा इचारला ना. नुसता बोलले, रोह्याची.”

मी एकेक अक्षर घातलं. रोह्याची. व्याकरणानं ते गावाचं नाव नव्हतंच. एका बाईनं दुसऱ्या बाईबद्दल दिलेलं साधं उत्तर होतं.

दार उघडलं.

मी त्या क्षणी काय बोलले ते आठवत नाही. एवढं आठवतं की कुठल्या तरी दूरच्या देशातल्या, बर्फासारख्या थंड खोलीत ठेवलेल्या यंत्रानं माझ्या मेलेल्या आजीचं माहेर ऐकलं, तेही आमच्या बोलीत, आणि ओळख पटवून घेतली. थापा मारणारं तेच अफाट जाळं, आणि त्याच्याच पोटात हे सांभाळून ठेवलेलं.

फोटो खाली येऊ लागले. दहा, वीस, शंभर. मी सरकवत गेले आणि ते संपेनात. प्रत्येक उधाणाचे. तीच जागा, तोच वाकडा तिवर मागे, आणि प्रत्येक फोटोत खांडेच्या कडेला आत्याची चप्पल. आधी निळी. मग निळ्या चपलेचा अंगठा तारेनं बांधलेला. मग लाल. मग एक लाल आणि एक काळी. खांड चपलेएवढी होती, मग तीन चपलांएवढी, मग चप्पल कोपऱ्यात दिसेनाशी. मी अभ्यास म्हणून एवढं वाचलं होतं, लिहिलं होतं, ओरडले होते, आणि ही बाई वर्षानुवर्षं दर उधाणाला जाऊन मुकाट्यानं चप्पल ठेवून येत होती.

“लाल तुटली व्हती एक,” आत्या पडद्याकडे बघत म्हणाली. “म्हनून ती काली.”

मी लगेच खात्यावर तिचा स्वतःचा नंबर घातला. गुप्त प्रश्न बदलायला सांगितला. नवं उत्तर काय ते मी विचारलं नाही. पण या वेळी नवा पासवर्ड कागदावर लिहून तो तांदळाच्या डब्यात ठेवायला मीच सांगितलं. खाडीकाठच्या गावात कुणी परदेशी यंत्र येऊन तांदळाचा डबा उघडणार नाही.

फोटोंचं मात्र आत्यानंच ठरवलं. तिनं मघाच्या दोन बायांना फोन घेऊन बोलावलं. पूर्वी या बांधाची जोळ असायची. म्हणजे प्रत्येक घराकडे बांधाचा आपापला तुकडा, तो त्या घरानं राखायचा. “सगला बांध एका घराच्या गल्यात कधी घालत नव्हते,” ती मला म्हणाली, आणि तिघींच्या फोनमध्ये सगळे फोटो उतरवून घेईपर्यंत जागची हलली नाही. वर्गात मी ज्याला बॅकअप म्हणते आणि मुली ज्याच्यावर जांभया देतात, ते तिनं तीन फोन ओळीत मांडून केलं.

सोमवारी पेणच्या कार्यालयात साहेबांनी फोन हातात घेतला. पहिले चार-पाच फोटो भरभर सरकवले. मग त्यांचा अंगठा हळू झाला.

“ही चप्पल काय आहे प्रत्येक ठिकाणी?”

“माप,” आत्या म्हणाली.

साहेब मागे गेले. निळ्या चपलेपर्यंत. मग पुन्हा पुढे आले, एकेक करत. खोलीत पंख्याचा आवाज होता. त्यांनी फोन टेबलावर ठेवला, तो अगदी सावकाश, आणि कारकुनाला म्हणाले, “ही खांड जुनी आहे. तसं लिहा. पुनवेच्या उधाणाला मी जागेवर येतो.”

ते खरंच आले. बूट घालून, टेप घेऊन, बरोबर दोन माणसं. बांधावर गावातले बरेच जण जमले होते. बाबाही होते, त्यांनी माझ्या उरलेल्या पिवळ्या पत्रकांची मागची कोरी बाजू वापरून गावाचं निवेदन लिहून आणलं होतं. त्यात एकच मागणी होती. पत्रकाची छापील बाजू मी त्यांना खोडू दिली नाही. ती चूक मला समोर दिसत राहायला हवी होती.

पाणी चढायला लागलं. साहेबांच्या माणसांनी खांडेच्या दोन्ही कडांना टेप धरला, आकडा सांगितला, वहीत लिहिला गेला. आत्या बाजूला उभी राहून हे सगळं बघत होती. टेप गुंडाळून झाला तेव्हा तिनं पदराआडून फोन काढला.

“साहेब,” ती म्हणाली, “जरा पाय इकडं ठेवा.”

त्यांना आधी कळलं नाही. मग कळलं. ते दोन पावलं खाली उतरले आणि त्यांनी आपला काळा बूट, चिखलानं भरलेला, खांडेच्या कडेला ठेवला. आत्यानं त्याच्या शेजारी आपली चप्पल ठेवली, फोन दोन्ही हातांत घट्ट धरला आणि फोटो काढला. मागे उभ्या असलेल्या दोन्ही बायांनी आपापल्या फोनमध्ये तोच काढला. पाणी तिघींच्या पायांपर्यंत आलं होतं.